जुलाबानंतर पायांतले बळ जाऊ लागले तर थांबू नका
(जी.बी.एस. या मज्जातंतूंच्या आजाराची शेतकऱ्यांसाठी ओळख)



या पत्रकात आम्ही नेहमी पिकांवरच्या रोगांविषयी लिहितो. करपा कसा ओळखावा, मावा आला तर काय फवारावे, बियाण्याला प्रक्रिया कशी करावी, हे आपण रेडिओवर ऐकता आणि इथे वाचता. आज मात्र माणसाच्या एका रोगाविषयी लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. शेतीची पदवी घेतलेला विस्तार अधिकारी आहे. तरीही हा विषय हाती घेण्याला कारण आहे, आणि त्यात माझी चूकही आहे. ती आधी सांगतो.

गेल्या पावसाळ्यात माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका शेतकरी भावाचा फोन आला. नाव सांगत नाही. वय पस्तिशीच्या आतले, अंगाने धडधाकट, सोयाबीन आणि तुरीची चांगली शेती. म्हणाले, "साहेब, परवा फवारणी केली. आज पायऱ्या चढवत नाहीत. पायाला मुंग्या येतात. औषध अंगावर आलं असंल का?" मी विचारले, "घाम सुटतोय का? लाळ गळतेय का? उलट्या, डोळ्याला अंधारी?" ते म्हणाले, "तसलं काही नाही." मग मीच निकाल देऊन टाकला, "अशक्तपणा असेल भाऊ. लिंबू-सरबत घ्या, दोन दिवस आराम करा."

दोन दिवसांनी त्यांना बाजेवरून उठता येईना. घरच्यांनी शेजारच्या गावी 'वारं उतरवणाऱ्या'कडे नेले. तिथे आणखी दोन दिवस गेले. पाचव्या दिवशी आवाज नाकातून येऊ लागला, प्यायलेले पाणी नाकावाटे परत यायला लागले. तेव्हा गाडी करून जिल्ह्याच्या ठिकाणी धावले. तिथे गेल्या गेल्या श्वासाच्या यंत्रावर ठेवावे लागले. अठरा दिवस ते यंत्रावर होते. जीव वाचला. पण बैलजोडी गेली, सोयाबीनची काढणी घरच्या बाईने एकटीने उरकली.

नंतर दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी मला विचारले, "तुम्हाला फोन केला त्याच्या आधी त्यांना जुलाब झाले होते का?" झाले होते. पहिल्या मोठ्या पावसात विहिरीत ओढ्याचे पाणी शिरले, तेच प्यायले, तीन दिवस पोट बिघडले आणि बरेही झाले. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी पाय गळाले. मी फवारणीचे सगळे विचारले, पण जुलाबाचे विचारले नाही. ते विचारायचे असते हेच मला ठाऊक नव्हते. तुम्हाला ते ठाऊक असावे, म्हणून हा लेख.

रोगाचे नाव आणि थोडी माहिती

या रोगाला गियाँ-बारे सिंड्रोम म्हणतात. वर्तमानपत्रात कुणी गुलेन बॅरी लिहितात, कुणी नुसते जी.बी.एस. १९१६ साली, पहिल्या महायुद्धाच्या काळात, गियाँ, बारे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांमध्ये हा आजार पाहून त्याचे नीट वर्णन केले. त्यावरून नाव पडले. तेव्हा हा रोग नवा नाही, कुठल्या नव्या औषधाने किंवा खताने आलेला नाही.

तो फार सरसकट होणाराही नाही. वर्षाला साधारण एक लाख माणसांत एका-दोघांना होतो. लहान मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत कुणालाही होऊ शकतो.

आपल्या महाराष्ट्रात त्याचे नाव घरोघरी पोचले ते जानेवारी २०२५ मध्ये. पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या भागात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात, एकाएकी या रोगाचे रुग्ण वाढले. पुणे परिसरात मिळून संशयित रुग्णांची संख्या पुढे दोनशेच्या वर गेली आणि काही जण दगावले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला, काहींत नोरोव्हायरस सापडला. दोन्ही पोट बिघडवणारे. त्यामुळे तिथल्या विहिरीच्या आणि इतर पिण्याच्या पाण्याकडे सगळ्यांचे लक्ष गेले.

शरीरात नेमके काय बिघडते?

आपल्या शेतावरची मोटार आठवा. मोटार चांगली आहे, विजेच्या खांबावर करंट आहे, स्टार्टर दाबला. तरी मोटार फिरत नाही. कारण मधल्या केबलचे आवरण उंदराने कुरतडले आहे. करंट मोटारीपर्यंत पोचतच नाही.

माणसाच्या अंगातही अशाच केबली आहेत. मेंदू आणि पाठीचा कणा येथून हातापायांच्या स्नायूंपर्यंत ज्या तारा जातात त्यांना मज्जातंतू म्हणतात. (आपण बोलताना 'नसा' म्हणतो, पण रक्ताच्या शिरा वेगळ्या आणि या वेगळ्या.) या तारांवरही आवरण असते. जी.बी.एस.मध्ये हे आवरण जागोजागी खराब होते, आणि काही रुग्णांत आतली तारच दुखावते. मेंदू 'पाय उचल' म्हणतो, पायाचा स्नायूही धड असतो, पण हुकूम पोचत नाही. म्हणून पाय लुळा पडतो.

हे कुरतडणारा उंदीर कोण? तो बाहेरचा नाही. आपल्याच शरीराची रोगप्रतिकारशक्ती हे नुकसान करते. ते कसे, हे निंदणीच्या उदाहरणाने पटकन कळेल. भाताच्या खाचरात भातासारखेच दिसणारे तण उगवते. जाणती बाई ते ओळखून उपटते. नवख्या मजुराला ओळखता येत नाही; तो तणाबरोबर भाताची रोपेही उपटून टाकतो. त्याचा हेतू वाईट नसतो, ओळखण्यात चूक होते.

कॅम्पायलोबॅक्टर जंतूच्या अंगावरचे काही घटक आपल्या मज्जातंतूंवरच्या घटकांसारखे दिसतात. जुलाब झाले की शरीर त्या जंतूविरुद्ध लढणारी द्रव्ये तयार करते. जंतू मरतो, जुलाब थांबतात. पण एखाद्या माणसात ती द्रव्ये मज्जातंतूलाच जंतू समजून त्यावर तुटून पडतात. या जंतूचे जुलाब झालेल्या सुमारे हजारांत एखाद्यालाच असे होते. त्यालाच का आणि शेजाऱ्याला का नाही, याचा त्याच्या पापपुण्याशी किंवा कुणाच्या करणीशी काही संबंध नाही.

म्हणूनच जुलाब आणि पाय गळणे यांत काही दिवसांचे अंतर असते. बहुधा १ ते ४ आठवड्यांचे. दर तीन रुग्णांमागे साधारण दोघांना आधी जुलाब किंवा सर्दी-खोकला-ताप येऊन गेलेला असतो. तोपर्यंत माणूस ते विसरून गेलेला असतो, आणि आपण परवाच्या फवारणीला दोष देतो.

कसा ओळखावा?

१) सुरुवात बहुधा पायांपासून होते. तळव्यांना, बोटांना मुंग्या येतात. पाठ किंवा मांड्या दुखतात. पायरी चढताना, उकिडवे बसून उठताना, बांध ओलांडताना पायांत जोर राहत नाही. चप्पल पायातून निसटते.

२) दोन्ही पाय गळतात. लकव्यात बहुधा एका बाजूचा हात-पाय अचानक जातो. जी.बी.एस.मध्ये दोन्ही बाजू जवळपास सारख्याच, आणि काही तासांत ते काही दिवसांत हळूहळू जातात.

३) अशक्तपणा खालून वर चढतो. पाय, मग कंबर, मग हात. शर्टाचे बटण लागत नाही, घास तोंडापर्यंत जात नाही. कधी चेहऱ्याचे स्नायू ढिले पडतात, डोळे पूर्ण मिटत नाहीत.

४) माणूस शुद्धीवर असतो. त्याला सगळे ऐकू येते, कळते. तो बोलू शकला नाही तरी त्याच्या उशाशी बसून 'आता काही खरं नाही' असे बोलू नका.

रोग वाढण्याचा काळ बहुतेकांत दोन आठवड्यांचा असतो, आणि जवळपास सगळ्यांत चार आठवड्यांच्या आत तो थांबतो. मग काही दिवस तसाच राहतो आणि पुढे उतरू लागतो. यातला पहिला, चढता काळच धोक्याचा आहे. कारण पाय हलवणाऱ्या तारा जशा आहेत, तशाच छाती हलवणाऱ्या तारा आहेत. दर चार-पाच रुग्णांमागे एकाला श्वासाच्या यंत्राची गरज लागते. यंत्र जवळ असेल तर माणूस तरतो. बाजेवर पडून असेल तर तरत नाही. थांबू नका म्हणतो ते एवढ्यासाठी.

धोक्याच्या खुणा

पुढील पैकी एकही दिसली तर घटकाभरही थांबू नये :

- आवाज बारीक किंवा नाकातून येणे
- पाणी पिताना ठसका लागणे, पाणी नाकातून येणे
- खोकल्यात जोर नसणे, मान उचलता न येणे
- एका श्वासात १ ते २० आकडे मोठ्याने मोजता न येणे
- धाप लागणे, छातीत धडधड, अंगाला दरदरून घाम

आकडे मोजता आले म्हणून घरी थांबायचे, असा अर्थ मात्र काढू नका. मोजता आले तरी दवाखाना गाठायचाच आहे. मोजता आले नाहीत तर वाटेतही सावध राहायचे आहे.

शेतकऱ्याची फसगत कुठे होते?

आपल्या कामात हातपाय गळायला आणखीही कारणे असतात. त्यांचा घोटाळा करू नये.

*फवारणीची विषबाधा* : काही कीटकनाशकांनी घाम, लाळ, उलटी, डोळ्यांची बाहुली बारीक होणे, छातीत घरघर हे त्रास काही तासांतच होतात. हीसुद्धा तातडीची गोष्ट आहे. शिवाय काही औषधांनी बाधेनंतर दोन-तीन आठवड्यांनीही पाय गळू शकतात. म्हणून दवाखान्यात जाताना औषधाची बाटली किंवा तिचे लेबल बरोबर न्या आणि कधी, काय, किती फवारले ते सांगा. निवाडा डॉक्टरांना करू द्या. माझ्यासारख्या शेती अधिकाऱ्याने फोनवर करू नये.

*मण्यारीचा दंश* : जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते, कळतही नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. यात अशक्तपणा वरून खाली उतरतो आणि काही तासांत श्वास बंद पडतो. पापण्या मिटू लागल्या तर सापाची शंका धरा आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्यात पळा.

*मुलांमधला लुळेपणा* : १५ वर्षांच्या आतल्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला तर आरोग्य खाते शौचाचे दोन नमुने घेते. ते पोलिओची खात्री करण्यासाठी. भारत २०१४ साली पोलिओमुक्त जाहीर झाला, तो अशाच पाळतीमुळे. नमुना मागितला तर घाबरू नका, नाही म्हणू नका.

दवाखान्यात काय करतात?

आपल्या गावचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा डॉक्टर यांच्याकडे जरूर जा, पण 'दोन्ही पायांतली शक्ती जात चालली आहे, आधी जुलाब झाले होते' हे वाक्य स्पष्ट सांगा. सलाइन लावून घरी परतू नका. श्वासाचे यंत्र आणि अतिदक्षता विभाग असलेल्या मोठ्या दवाखान्यात, म्हणजे जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, पोचायचे आहे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा. गिळता येत नसेल तर वाटेत पाणी, चहा, औषध काहीही पाजू नका. ते छातीत उतरते.

तिथे डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारून पाहतात. एरवी पाय उडतो, या रोगात बहुधा उडत नाही. मज्जातंतूंतून करंट किती वेगाने जातो त्याची यंत्रावर तपासणी करतात. पाठीच्या मणक्यातून सुईने थोडे पाणी काढून तपासतात. या 'मणक्याच्या पाण्या'ला आपली माणसे फार भितात. त्याने कायमचे अपंगत्व येते अशी समजूत आहे. ती खोटी आहे. त्या पाण्यात प्रथिने वाढलेली आणि पेशी मात्र नेहमीइतक्याच असल्या तर रोगाची खात्री पटायला मदत होते. पहिल्या आठवड्यात ही तपासणी कधी चांगलीही येते, तेव्हा एका तपासणीवर सगळे ठरत नाही.

उपचार दोन आहेत आणि दोन्ही सारखेच गुणकारी आहेत.

पहिला, रक्तद्रव बदलणे. शिरेतून रक्त यंत्रात घेतात, त्यातला पाण्यासारखा भाग, ज्यात ती चुकलेली द्रव्ये असतात, बाजूला काढतात आणि बाकीचे रक्त नव्या द्रवाबरोबर परत देतात. दोन आठवड्यांत असे साधारण पाच वेळा करतात. याचा फायदा होतो हे १९८५ साली मोठ्या चाचणीत दिसून आले.

दुसरा, इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शने. हजारो रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेली निरोगी संरक्षक द्रव्ये शिरेतून देतात. १९९२ साली हा उपचार पहिल्याच्या तोडीचा असल्याचे सिद्ध झाले. प्रमाण वजनावर असते. दर किलोला रोज ०.४ ग्रॅम, असे ५ दिवस. म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज २४ ग्रॅम, एकूण १२० ग्रॅम.

दोन्ही उपचार रोग सुरू झाल्यापासून पहिल्या दोन आठवड्यांत दिले तर अधिक उपयोग होतो. जसे पिकावर कीड कोवळी असताना फवारणी लागू पडते, तसेच. तुटलेली तार या औषधाने लगेच जोडली जात नाही. पुढचे नुकसान थांबते. म्हणून इंजेक्शन दिले आणि दुसऱ्या दिवशी चालू लागले नाहीत, तर 'औषध लागू पडलं नाही' म्हणून घरी आणू नका. नुसत्या स्टिरॉइडच्या गोळ्या-इंजेक्शनांचा या रोगात उपयोग होत नाही, हेही ध्यानात ठेवा.

पैशाचे काय?

इम्युनोग्लोब्युलिन महाग आहे. एकेका बाटलीची किंमत हजारांच्या घरात जाते आणि बाटल्या बऱ्याच लागतात. शेतकरी घाबरतो तो इथे, आणि जनावर किंवा जमीन विकायला काढतो. तसे करण्याआधी दोन गोष्टी करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत या आजाराच्या उपचाराचा समावेश आहे. योजनेत असलेल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्याला पहिल्याच दिवशी भेटा. दुसरे, रक्तद्रव बदलण्याची सोय आहे का ते विचारा. बऱ्याच ठिकाणी तो खर्च कमी येतो. ज्या भावाची हकीकत वर सांगितली, त्यांच्या घरच्यांना योजनेचे कळले ते बैलजोडी विकल्यानंतर.

बरे व्हायला किती दिवस?

धीर देणारी गोष्ट ही, की हा रोग बहुतेकांना सोडून जातो. वेळेवर उपचार मिळालेल्या दहा रुग्णांपैकी साधारण आठ जण सहा महिन्यांत स्वतःच्या पायांवर चालू लागतात. काहींच्या पायांत कमजोरी, मुंग्या, लवकर येणारा थकवा पुढेही राहतो. चांगल्या दवाखान्यातही शंभरात काही जण दगावतात. ते नाकारून चालणार नाही. एकदा झालेला रोग पुन्हा होण्याचे प्रमाण कमी आहे.

दुखावलेली तार पुन्हा वाढते ती दिवसाला साधारण १ मिलिमीटर. कंबरेपासून पावलापर्यंतचे अंतर डोळ्यांपुढे आणा, म्हणजे धीर का धरायचा ते कळेल. रोप लावून दुसऱ्या दिवशी उकरून पाहत नाही, तसेच हे आहे.

घरी आणल्यावर :

- दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतात. अंथरूण कोरडे ठेवा.
- शिकवलेले व्यायाम रोज करून घ्या. सांधे हलते ठेवले नाहीत तर आखडतात.
- जोरजोरात रगडणे, ओढणे, शेकणे, डाग देणे हे करू नका. बधिर पायाला चटका बसला तरी कळत नाही.
- थकवा आला की थांबू द्या. 'मन घट्ट कर, चाल' म्हणून ओढू नका.
- पायांत पूर्ण बळ येईपर्यंत विहिरीच्या काठावर, ट्रॅक्टरवर, मळणी यंत्राजवळ काम नको. बसून होणारे काम, बियाणे निवडणे, हिशेब, आधी द्या. माणसाला आपण उपयोगाचे आहोत असे वाटणे हेही औषधच आहे.

हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. रुग्णाची सेवा करायला, जवळ बसायला भिऊ नका. मात्र जुलाब करणारा जंतू पाण्यातून, अन्नातून पसरतो, तेव्हा हात साबणाने धुवा.

रोगाचे मूळ पाण्यात आणि चुलीजवळ

जी.बी.एस. अडवणारे औषध नाही. पण ज्या जुलाबातून तो पुष्कळदा उद्भवतो ते जुलाब अडवता येतात, आणि ते आपल्या हातचे आहे.

*विहीर* : पहिल्या पावसानंतर विहीर शुद्ध केल्याशिवाय तिचे पाणी पिऊ नका. विहिरीतले पाणी किती ते असे काढा : व्यास × व्यास × पाण्याची खोली × ०.७८५, सर्व मीटरमध्ये. उत्तर घनमीटरमध्ये येते. त्याला १००० ने गुणले की लिटर. उदाहरणार्थ, व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल तर ३ × ३ × ४ × ०.७८५ = सुमारे २८ घनमीटर, म्हणजे २८,००० लिटर. चांगल्या टीसीएल पावडरीचे किमान प्रमाण १००० लिटरला अडीच ग्रॅम. या विहिरीला सुमारे ७० ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर जास्त लागते.

पावडर विहिरीत तशीच फेकू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, मग पाणी वाढवून ढवळा, दहा मिनिटे निवू द्या. खाली चुना बसतो. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या, दोरीने विहिरीत सोडून पाण्याखाली खालीवर हलवा. चुना विहिरीत टाकू नका. हे काम रात्री पाणी भरून झाल्यावर करावे. किमान एक तास पाणी उपसू नये. नंतर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओ.टी. चाचणी करून घ्या. पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे; नाही आला तर मात्रा कमी पडली. टीसीएलचा डबा उघडा राहिला की तिचा गुण उडून जातो, हे विसरू नका.

विहिरीपासून शौचखड्डा, उकिरडा आणि कोंबडखताचा ढीग किमान १५ मीटर लांब ठेवा. विहिरीला कठडा बांधा, ओढ्याचे पाणी आत येऊ देऊ नका. घरात शंका असेल तर पाणी खळखळ उकळा, झाकून ठेवा, ओगराळ्याने घ्या.

*कोंबडी* : पुण्याच्या साथीत 'कोंबडी खाल्ली की जी.बी.एस. होतो' अशी आवई उठली आणि कोंबडीपालकांच्या पोटात गोळा आला. खरे काय ते ऐका. कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू कोंबडीच्या आतड्यात राहतो. कोंबडी आजारी दिसत नाही, म्हणून नुसते पाहून ओळखता येत नाही. पण हा जंतू उष्णतेला टिकत नाही. हाडापर्यंत शिजलेले, आत गुलाबी न राहिलेले मांस खाण्यास हरकत नाही. धोका आहे तो अर्धकच्च्या मांसात आणि कच्च्या मांसाचे पाणी उडून ते कांदा-कोथिंबिरीला लागण्यात. कच्ची कोंबडी नळाखाली धरून जोरात धुऊ नका. तिची सुरी आणि पाट वेगळा ठेवा. कोंबड्यांच्या खुराड्यातून आल्यावर, मुलांना घेण्याआधी, हात साबणाने धुवा. दूध कच्चे पिऊ नका. शहरातल्या पाहुण्यांना कौतुकाने धारोष्ण दूध पाजू नका.

थोडक्यात लक्षात ठेवा

१) जुलाब किंवा ताप-खोकल्यानंतर १ ते ४ आठवड्यांत दोन्ही पाय गळू लागले, मुंग्या आल्या, तर जी.बी.एस.ची शंका घ्या.
२) त्याच दिवशी श्वासाचे यंत्र असलेल्या दवाखान्यात जा. १०८ ला फोन करा.
३) गिळता येत नसेल तर तोंडाने काहीही देऊ नका.
४) उपचार आहे, तो पहिल्या दोन आठवड्यांत मिळावा. आरोग्यमित्राला भेटा, मगच जनावर-जमिनीचा विचार करा.
५) बहुतेक रुग्ण चालू लागतात. धीर आणि व्यायाम सोडू नका.
६) विहिरीत टीसीएल, चुलीवर पूर्ण शिजलेले अन्न, हाताला साबण.

ते शेतकरी भाऊ आता काठी टेकत बांधापर्यंत येतात. परवा मला म्हणाले, "साहेब, तुमच्या कागदात लिहा एकदा, म्हणजे दुसऱ्या कुणाला फोन करायची पाळी येणार नाही." त्यांच्या सांगण्यावरून लिहिले आहे. हा कागद वाचून झाल्यावर घडी घालून ठेवू नका. शेजारच्या घरी द्या, वाचता येत नसेल त्याला वाचून दाखवा.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी